आत्याच्या आयोनायझरच्या नोंदी

६ डिसेंबर २०२५, शनिवार. पंचवटी

सकाळी आत्याचा फोन. "अगं, ते हवेचं यंत्र घड्याळासारखं टिकटिकतंय. निळा दिवा लागलेला आहे, म्हणजे चालू आहे ना? मग टिकटिक कसली?"

दुपारी गेले. काळारामाच्या मागच्या गल्लीतला त्यांचा वाडा, वरच्या मजल्यावरची मागची खोली. सिंहस्थाच्या कामांसाठी आसपासचे रस्ते उकरलेले, त्यामुळे खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं की बोट पिठासारखं. आत्याला दमा आहे, पंप उशाशी असतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी दारावर आलेल्या विक्रेत्याकडून आतोबांनी हा डबा घेतला, आयोनायझर, म्हणजे सुयांतून हवेत ऋण भार सोडणारं यंत्र. विक्रेत्याने काचेच्या पेटीत उदबत्तीचा धूर भरून तो पाच सेकंदांत नाहीसा करून दाखवला होता. वर म्हणाला होता, "काका, घरबसल्या सोमेश्वरच्या धबधब्याची हवा."

धबधब्याचं अगदीच खोटं नाही. पाणी आपटून फुटलं की जवळच्या हवेत ऋण भार येतो, लेनार्डने १८९२ मध्येच ते मोजलं होतं. पण सोमेश्वरला आपल्याला बरं वाटतं ते आयनांमुळे, म्हणजे हवेतल्या भारित कणांमुळे, की समोरच्या भाजलेल्या कणसामुळे, हे कुणी वेगळं काढलेलं नाही.

डबा: प्लास्टिकचा, पावकिलोच्या मिठाईच्या खोक्याएवढा, तीन पिनांची प्लग, पुढे जाळी, जाळीआड तीन सुया. खोक्यावर 'प्रति घनसेंटिमीटर २ कोटी आयन'. सुईपासून किती अंतरावर, ते लिहिलेलं नाही. अंतर नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आधी तो निळा दिवा. तो बसवलेला असतो आतल्या कमी व्होल्टेजच्या बाजूला. पुढे सुयांना काही किलोव्होल्ट पोचतात की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. सुया कापून टाकल्या तरी दिवा लागेल.

टिकटिक खरी आहे. आठ-दहा सेकंदांनी एक 'टक', डब्याच्या आतून.

पर्समधला लाइन टेस्टर काढला. अंगठा टोपीवर, टोक सुईपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. (सुईला टेकवायचं नाही, गरजच नाही.) टेस्टरमधला निऑनचा दिवा लुकलुकला. लुकलुकताना आतल्या दोन तारांपैकी टोकाकडचीच तार नारिंगी दिसत होती. डीसीवर निऑनमध्ये फक्त ऋण बाजूची तार उजळते, म्हणजे सुईकडून ऋण भारच येतोय. ध्रुवता बरोबर.

पण एक विचित्र: चालू केल्यावर निऑन पाच-सात वेळा लुकलुकून विझला. मग 'टक'. मग पुन्हा पाच-सात वेळा. नोंद करून ठेवते, आत्ता अर्थ लागत नाही. सुया घाण असतील असं वाटतंय. घरी घेऊन जाते.

आत्या: "तोवर मी काय करू?"
मी: "खिडकी लाव आणि ओल्या फडक्याने फरशी पूस."
आत्या: "ते तर मी यंत्र असतानाही करतेच."

७ डिसेंबर, रविवार. इंदिरानगर, घरी

उघडला. उघडण्याआधी प्लग काढून दहा मिनिटं थांबले, मग लाकडी पट्टीला बांधलेल्या रेझिस्टरने सुया आणि आतला कॉमन (सर्किटचं सामाईक टोक) जोडून भार उतरवला. करंट नगण्य असला तरी दचकून हात मागे जातो आणि मागे सोल्डरिंग गन तापलेली असते. हे अनुभवाचे बोल.

आत अपेक्षेप्रमाणे: लहान सप्लाय, ऑसिलेटर, फेराइटचा ट्रान्सफॉर्मर आणि पुढे डायोड-कपॅसिटरची शिडी. प्रत्येक पायरीवर व्होल्टेज वाढत जातं. केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये अशाच शिडीच्या जोरावर लिथियमचं अणुकेंद्र फोडलं होतं. आत्याच्या डब्यातली धाकटी आहे, बहुधा पाच-सहा किलोव्होल्टची. शेवटी १० मेगाओमचे दोन रेझिस्टर ओळीने, म्हणजे कुणी सुईला हात लावला तरी करंट मायक्रोअँपिअरांतच राहील. ही गोष्ट बनवणाऱ्याने नीट केली आहे, श्रेय द्यायला हवं.

शिडीचं खालचं टोक थेट प्लगच्या हिरव्या वायरला जातं, अर्थिंगला. हे वाचून पुढे गेले. इथेच थांबायला हवं होतं, पण ते आठवड्याने कळलं.

सुयांची टोकं भिंगाखाली: अणकुचीदार टोकावर राखाडी-पांढरी लव, बुरशीसारखी. उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ, धूळ, सगळं तिथेच भार घेतं आणि थोडं तिथेच बसतं. टोक बोथट झालं की विद्युतक्षेत्र कमी होतं आणि कोरोना, म्हणजे टोकातून हवेत भार सुटणं, मंदावतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं. तीन सुयांना सात काड्या लागल्या.

जोडून चालू केला. दिवे मालवून पाच मिनिटं अंधारात बसले. डोळे सरावल्यावर तिन्ही सुयांच्या टोकाला जांभळा ठिपका दिसला, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. कान जवळ नेला तर बारीक 'स्स्स'. गालाला हलकी झुळूक.

टिकटिक बंद. टेस्टर सलग लुकलुकतोय. रोगी बरा.

चूक: पुसण्याआधी मोजायला हवं होतं. आता सुया मळल्याने किती फरक पडला होता हे कधीच कळणार नाही.

९ डिसेंबर, मंगळवार रात्र

'लुकलुकतोय' हे माप नव्हे. आकडा हवा.

मल्टिमीटर थेट सुईला लावण्याचा विचारही कुणी करू नये. मीटर हजार व्होल्टपर्यंतचा, वर आतला रेझिस्टन्स १० मेगाओम. एक तर मीटर जाईल, नाहीतर तोच रेझिस्टन्स व्होल्टेज खाली ओढून खोटा आकडा दाखवेल. पण तोच १० मेगाओम उलट बाजूने कामाला लावता येतो. व्होल्टेज मोजायचंच नाही, हवेतून पलीकडे पोचणारा करंट मोजायचा.

पोळ्या गुंडाळायची फॉइल पुठ्ठ्यावर चिकटवून २० बाय २० सेंटिमीटरचा पत्रा केला. लाल वायर पत्र्याला, काळी अर्थिंगला, मीटर २० व्होल्ट डीसीवर. सुईतून निघालेले आयन पत्र्यावर पडतात आणि मीटरच्या पोटातून जमिनीत जातात. १० मेगाओममधून १०० नॅनोअँपिअर गेले की १ व्होल्ट दिसतो. हिशेब तोंडी होतो.

डबा बंद: ०.००
१० सेंटिमीटरवर: उणे ६.४ व्होल्ट
३० सेंटिमीटरवर: उणे १.२ व्होल्ट
१ मीटरवर: उणे ०.११ व्होल्ट

उणे चिन्ह म्हणजे ऋण आयन, टेस्टरने सांगितलं तेच. ३० सेंटिमीटरवर १२० नॅनोअँपिअर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७५ हजार कोटी भार एवढ्याशा पत्र्यावर येऊन पडतात. आकडा ऐकायला भारी वाटतो. विक्रेत्याला मिळाला असता तर खोक्यावर छापला असता.

एकेक सुई टेपने झाकून पाहिलं. प्रत्येक वेळी आकडा खाली, तिन्ही सुया काम करतात. इथून पुढे ३० सेंटिमीटरचा आकडा हाच प्रमाण धरते.

१३ डिसेंबर, शनिवार. पंचवटी

डबा परत दिला. तोच एक्स्टेन्शन बोर्ड, तोच पलंगाशेजारचा सॉकेट. चहा येईपर्यंत: टक.

आत्या काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. आतोबा म्हणाले, "दवाखान्यात गेलं की पोराचा ताप उतरतो तसं आहे हे."

पत्रा आणि मीटर आणलेच होते. काळी क्लिप एक्स्टेन्शन बोर्डाच्या अर्थिंगला, पत्रा ३० सेंटिमीटरवर.

उणे १.९ व्होल्ट!

माझ्या घरी १.२, इथे १.९. बिघडलेलं यंत्र चांगल्यापेक्षा जास्त काम करतंय? आणि मीटर लावल्यापासून टिकटिकही थांबली. क्लिप काढली, पत्रा बाजूला केला. अर्ध्या मिनिटात टक. पुन्हा लावला, गप्प. तीनदा करून पाहिलं. मध्येच बोट फॉइलला लागलं तर चांगला चटका बसला, हिवाळ्यात स्वेटर काढताना बसतो तसा. घरी ९ तारखेला फॉइलला कितीदा हात लावला होता, काही झालं नव्हतं.

डोकं चालेना. आत्याच्या हातची थालीपीठं खाऊन घरी आले.

१४ डिसेंबर, रविवार. पंचवटी

रात्री दीडला झोपेतून उठून कागदावर चित्र काढलं. सुईतून ऋण भार हवेत जातो. जेवढा जातो तेवढाच कुठूनतरी डब्यात परत यायला हवा, नाहीतर डबा धन होत जाईल. परत यायची वाट एकच, ती हिरवी वायर, अर्थिंग. ती वाट तुटलेली असेल तर? आयन भिंतींकडे निघून जातात, मागे सगळं सर्किट धन होत वर चढतं. सुई आणि खोली यांतला फरक उरत नाही, कोरोना विझतो. सर्किट चढत चढत आत कुठेतरी ठिणगी पाडून मोकळं होतं: टक. मग पुन्हा पहिल्यापासून. पाच-सात लुकलुक, विझणं, टक. पहिल्याच दिवशी टेस्टरने हे सगळं सांगितलं होतं.

आणि मीटर? मीटरची काळी क्लिप मी त्याच एक्स्टेन्शन बोर्डाच्या अर्थिंगला लावली होती. बोर्ड जमिनीला जोडलेला नसेल, पण डबा आणि मीटर तर एकमेकांना जोडले गेले. पत्र्यावर पडलेले आयन मीटरमधून थेट डब्यात परत. वाट मीच बांधून दिली. पत्राही धन झाला, म्हणून भिंतीकडे जाणारे आयनही ओढून घेतले आणि आकडा १.९ झाला. चटका त्याचाच. तपासायला लावलेल्या मीटरनेच बिघाड झाकला.

सकाळी नऊला पुन्हा वाड्यात. वाड्याच्या चौकात हापशाचा जुना लोखंडी पाइप आहे, थेट जमिनीत गेलेला. वरच्या मजल्यावरून खाली लांब वायर सोडली, पाइप सँडपेपरने घासून क्लिप लावली. काळी वायर आता त्या पाइपाला.

मीटर: ०.९... ०.६... ०.३... ०.१... ०.०५. टक. ०.८... ०.५...

करवतीच्या दातांसारखा चढउतार. इतकं सुंदर बिघाडाचं चित्र कॉलेजच्या लॅबमध्ये इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. आतोबांना दाखवलं, तेही खुर्ची ओढून बसले.

मग सॉकेटचं कव्हर काढलं (मेन बंद करून). तीन भोकांच्या सॉकेटला मागे दोनच वायरी. वरच्या जाड पिनेला काहीच जोडलेलं नाही, स्क्रूसुद्धा कोरा. कधीतरी दोन पिनांचा सॉकेट काढून तीन पिनांचा बसवला, हिरवी वायर ओढायचं राहिलं.

आत्याला विचारलं, या सॉकेटला अजून काय लावतेस?

"इस्त्री."

लोखंडी बुडाची इस्त्री, किती वर्षं कोण जाणे, अर्थिंगशिवाय.

१७ डिसेंबर, बुधवार

वायरमन भाऊ आले. मीटरबोर्डाजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्याची वायर आधी तपासली: फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब, पूर्ण पेटला. खड्ड्यात पाणी ओतलं, मीठ-कोळसा नवा भरायला सांगून ठेवलं. वरच्या खोलीपर्यंत हिरवी वायर ओढली, केसिंगपट्टीतून. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवण्याचं आतोबांनी तिथल्या तिथे कबूल केलं, इस्त्रीचं ऐकल्यापासून ते गप्पच होते.

टिकटिक बंद. ३० सेंटिमीटरवर, काळी वायर हापशाच्या पाइपाला: उणे १.२. काळी वायर बोर्डाच्या अर्थिंगला: उणे १.२. दोन्हीकडून एकच, आता विश्वास ठेवते.

२१ डिसेंबर, रविवार

लॅबमधला एक बीएफडब्ल्यू१० ट्रान्झिस्टर आणला, नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, ट्रान्झिस्टरच्या गेटला (नियंत्रणाच्या टोकाला) वीतभर मोकळी तार. ऋण भार जवळ आला की एलईडी विझतो. खोलीत हिंडून आयन कुठवर पोचतात ते पाहायचं होतं. दीड-दोन मीटरपर्यंत मंदावतो, पलंगाच्या पलीकडे नाही. पण माझा स्वेटरही त्याला तेवढाच विझवतो, आणि एकदा विझला की गेटला हात लावून जागा करावा लागतो. करमणूक चांगली, माप नाही. डबीत ठेवून दिला.

२७ आणि २८ डिसेंबर

आता आत्याचा खरा प्रश्न. आयन निघतात, कबूल. हवा साफ होते का?

लेझरचा धूलिकण सेन्सर (पीएमएस५००३) घेऊन गेले. आत्याला आतोबांबरोबर तिच्या बहिणीकडे देवळालीला पाठवलं, कारण खोलीत धूर करायचा होता. खोली १० बाय १० बाय ९ फूट, म्हणजे साधारण २५.५ घनमीटर. पंखा बंद, दार-खिडकी बंद, दाराच्या फटीत पंचा. उदबत्ती लावून आकडा तीनशेच्या पुढे नेला, उदबत्ती पाण्यात विझवली आणि बाहेर येऊन बसले. मूळ पातळी ४० होती, ती वजा करून २०० वरून १०० वर यायला किती वेळ लागतो तेवढंच बघायचं.

डबा बंद: ५१ मिनिटं, दुसऱ्यांदा ४९
डबा चालू: ३३ मिनिटं, दुसऱ्यांदा ३५

फरक आहे आणि खरा आहे. पण डबा बंद असतानाही धूर आपोआप बसतो आणि फटींतून जातोच, तो वाटा वजा करायला हवा. ०.६९३ ला (२ चा नैसर्गिक लॉग) अर्ध्यावर येण्याच्या वेळेने भागून तासाचा वेग काढायचा: चालू असताना १.२२, बंद असताना ०.८३. फरक ०.३९, गुणिले २५.५. तासाला सुमारे १० घनमीटर स्वच्छ हवा. खोलीतली सगळी हवा एकदा धुवायला अडीच तास. अशा खोलीसाठीच्या फिल्टरवाल्या यंत्रांच्या खोक्यावर तासाला दीडशे-दोनशे किंवा जास्त लिहिलेलं असतं. समोरचं दार एकदा उघडलं तरी आत्याच्या डब्याची दोन तासांची मेहनत गेली.

मग विक्रेत्याच्या पेटीत पाच सेकंदांत काय झालं? पेटीत भिंत सुईपासून चार बोटांवर होती. भार मिळालेला धूर लगेच काचेला चिकटला. इथे भिंत पाच फुटांवर.

संध्याकाळी दोघं परत आले. आतोबांना आकडे दाखवले. ते एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेले. तिथे बॉयलरच्या धुरातली राख पकडायला ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) असतात. तत्त्व हेच, तारांना अनेक दहा हजार व्होल्ट, तेही ऋणच. राखेला भार द्यायचा आणि प्लेटांना चिकटवायचं. चष्मा वर करून त्यांनी डबा उलटासुलटा पाहिला.

"यात प्लेट कुठेय?"

"प्लेट नाही."

"मग राख जाते कुठे?"

मी भिंतीकडे बोट केलं. डब्यामागे, कॅलेंडरच्या भोवती, चुन्याच्या भिंतीवर ताटाएवढा करडा डाग. आत्या त्याला ओल समजत होती. बोटाने पुसलं तर बोट काळं.

"म्हणजे भिंत हीच प्लेट," आतोबा म्हणाले. "आमच्याकडे प्लेटांना हातोडे बसवलेले असायचे, ठोकून राख खाली हॉपरमध्ये पाडायला. इथे ठोकणार कोण?"

आत्या आतून ओरडली, "मी आहे ना, दर दिवाळीला!"

माझ्या चार तासांच्या मोजमापापेक्षा त्यांच्या एका प्रश्नात जास्त होतं, हे लिहून ठेवते.

४ जानेवारी २०२६, रविवार

ओझोन. हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं, कारण घरात दम्याचा माणूस आहे. जिथे कोरोना तिथे थोडाफार ओझोन, आणि ओझोन श्वासनलिकेला त्रासच देतो. कॅलिफोर्नियात घरगुती हवाशुद्धी यंत्रांना ०.०५० पीपीएमची (दहा लाख भागांत इतके भाग) कायदेशीर मर्यादा आहे. तो मोजायचं यंत्र माझ्या आवाक्यात नाही, म्हणून जुना मार्ग. १८४० मध्ये ओझोनला नाव देणाऱ्या शॉनबाइनचा कागद: कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून खळ, त्यात पोटॅशियम आयोडाइड, गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवायच्या. वापरताना डिस्टिल्ड पाण्याने ओलावायच्या. ओझोन आयोडीन मोकळं करतो, आयोडीन खळीला जांभळं करतं.

काल रात्री चार पट्ट्या टांगल्या, आठ तास. आत्याला बाहेरच्या खोलीत झोपवलं.

सुईपासून १० सेंटिमीटर: गडद जांभळी, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी.
उशीपाशी, डब्यापासून १ मीटर: फिकट, पण स्पष्ट.
खोलीच्या दुसऱ्या टोकाला: जेमतेम.
स्वयंपाकघरात: तेवढीच जेमतेम.

यातून पीपीएम निघत नाही, कागद दमट हवेत जास्त रंगतो. पण चारही पट्ट्या एकाच रात्रीच्या, एकाच घरातल्या. उशीपाशी स्वयंपाकघरापेक्षा जास्त आहे एवढं पक्कं. बंद खोलीत, रात्रभर, उशाशी. आणि आता अर्थिंग नीट झाल्यामुळे डबा पूर्ण ताकदीने चालतोय. मीच नीट केला.

डबा आजपासून झोपायच्या खोलीत नाही. आत्याला सांगितलं. तिने विचारलं, "मग दोन वर्षं मला बरं वाटत होतं ते?" मी म्हटलं, दोन वर्षं तो जवळजवळ बंदच होता. ती बराच वेळ हसत होती, हसता हसता खोकली. पंपाबद्दल आणि बाकी काय ते तिच्या डॉक्टरांनाच विचारायचं, असं दोघींचं ठरलं.

१० जानेवारी, शनिवार

२७ तारखेला काडेपेटीवर ताणून लावलेले दोन रबरबँड आज काढले. सुयांजवळच्यावर, ताणाच्या आडव्या दिशेने बारीक चिरा, भिंगाशिवाय दिसणाऱ्या. वाकवल्यावर तुटला. माझ्या घरच्या कपाटातला जसाच्या तसा. ओझोन ताणलेल्या रबराला असाच चिरतो. कागद, रसायन काही नको, दहा पैशांचा रबरबँड पुरे. फक्त दोन आठवडे दम धरायचा.

डब्याचं काय करायचं यावर मतभेद. मी म्हटलं, भंगारात. आत्या म्हणाली, देवघराबाहेरच्या पडवीत ठेवते, तिथे दिवसा वारा असतो, कुणी झोपत नाही आणि उदबत्तीचा धूर तिथेच होतो. उदबत्तीच बंद कर असं सुचवून पाहिलं.

"देवाला काय सांगू, भाचीने मीटर लावला म्हणून?"

पडवीला वारा आहे, ओझोन साठणार नाही. ठीक. पण तिथली भिंत नुकतीच रंगवलेली. यावर आतोबा काही न बोलता उठले आणि अडगळीतून पत्र्याच्या डब्याचं एक जुनं झाकण घेऊन आले.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ घ्यायला गेले तर पडवीत आतोबांची ईएसपी उभी. झाकण सरळ करून, कडा दुमडून, लाकडी पायांवर उभं केलेलं, सुयांपासून ३० सेंटिमीटर. मागून हिरवी वायर बोर्डाच्या अर्थिंगला, आणि ती वायर लावण्याआधी त्यांनी बल्बने अर्थिंग तपासलं होतं, हे दोनदा सांगितलं. प्लेटीमुळे आयन तिथेच जास्त उतरतात, खोलीभर कमी पसरतात. धुरासाठी हे थोडं तोट्याचं, भिंतीसाठी फायद्याचं. इथे भिंत महत्त्वाची.

चार दिवसांची काजळी त्यांनी ओल्या फडक्याने पुसून दाखवली. झाकणाच्या मधोमध करडं वर्तुळ, बशीएवढं, आणि फडक्यावर काळा पट्टा. नवी भिंत पांढरीच.

"हॉपर नाही, पण हातोडा मीच," ते म्हणाले आणि फडकं धुवायला गेले.

हिरवी वायर क्षणभर सोडवून मध्ये मीटर घातला: उणे १.५. झाकण फॉइलपेक्षा मोठं आहे. सुया महिन्याने पुसायच्या, पुसण्याआधी मोजायचं.

राहिलेलं: स्वयंपाकघरातल्या दोन आणि न्हाणीघरातल्या एका सॉकेटचं अर्थिंग. वायरमन भाऊ शुक्रवारी येतो म्हणालेत. न्हाणीघरात गिझर आहे, तोवर चुलीवर पाणी.